शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला सापडलं केस सरळ करायचं रसायन: गॅरेट मॉर्गन यांची गोष्ट

लग्नसराई जवळ आली की भिवंडीतल्या पार्लरमध्ये एक वास भरून राहतो. नाकाला झोंबणारा, अमोनियासारखा. बाहेर गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो आणि आत खुर्चीवर बसलेल्या मुलीच्या केसांना ब्रशने पांढरी क्रीम लावली जात असते. कुणी याला स्ट्रेटनिंग म्हणतं, कुणी रिबाँडिंग, कुणी स्मूथनिंग. चार-पाच तास बसून राहायची तयारी ठेवायची आणि बाहेर पडताना केस इस्त्री केल्यासारखे सरळ.

या क्रीमच्या इतिहासात मागे मागे जात राहिलं तर गंमत होते. आपण एखाद्या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत किंवा न्हाव्याच्या दुकानात पोहोचत नाही, पोहोचतो एका शिवणकामाच्या कारखान्यात. तिथे जळत असलेलं लोकरी कापड असतं, तापलेली सुई असते आणि ती सुई थंड कशी ठेवायची याचा विचार करणारा एक मिस्त्री असतो. त्याचं नाव गॅरेट ऑगस्टस मॉर्गन. शाळा सहावीपर्यंत.

कापडाच्या धंद्यावर जगणाऱ्या भिवंडीकरांना हा माणूस ओळखीचा वाटेल. मागावर धागा सारखा तुटायला लागला की इथे जॉबरला हाक मारतात. जॉबरकडे पदवी नसते, पण मशीनचा आवाज ऐकून बिघाड कुठे आहे ते तो सांगतो. मॉर्गन हे त्याच जातकुळीचे.

केंटकीहून क्लीव्हलँडला

गॅरेटचा जन्म 4 मार्च 1877 चा, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या पॅरिस नावाच्या गावचा. या पॅरिसचा फ्रान्सशी नावापुरताच संबंध. गावाच्या कडेला क्लेजव्हिल नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती, तिथे हे कुटुंब राहायचं. आईवडील दोघंही गुलामगिरीतून सुटून आलेले. अकरा भावंडांत गॅरेट सातवा. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून त्याच्या जन्माच्या वेळी जेमतेम बारा वर्षं झाली होती. त्यामुळे शेतात राबणं आणि जमलं तर शाळेत जाणं, एवढंच त्याच्या वाट्याला आलं.

चौदाव्या वर्षी त्याने घर सोडलं आणि सिनसिनाटी शहर गाठलं. तिथे एका श्रीमंत जमीनदाराकडे पडेल ते काम करायची नोकरी मिळाली. मिळणाऱ्या पगारातून त्याने स्वतःसाठी शिकवणी लावली, हे त्याच्या चरित्रातलं सगळ्यात कमी सांगितलं जाणारं आणि कदाचित सगळ्यात महत्त्वाचं वाक्य असेल. व्याकरण, लिहिणं-वाचणं तो पैसे मोजून शिकला.

1895 मध्ये तो क्लीव्हलँडला आला आणि शेवटपर्यंत तिथलाच झाला. एका कपड्यांच्या कारखान्यात साफसफाईपासून सुरुवात झाली. शिलाई मशीन बंद पडली की लोक खोळंबून बसायचे, हा जवळ जाऊन बघायचा. बघता बघता तो दुरुस्तीही करायला लागला. शिलाई मशीनचा पट्टा जोडायची एक नवी कळ त्याने शोधून काढली, आणि थोड्याच वर्षांत शहरातल्या कारखान्यांत मशीन बिघडली की मॉर्गनला बोलवा असं म्हटलं जायला लागलं.

1907 मध्ये मॉर्गन यांनी शिलाई मशीन विकायचं आणि दुरुस्त करायचं स्वतःचं दुकान काढलं. पुढच्याच वर्षी मेरी ॲन हॅसेक यांच्याशी त्यांचं लग्न झालं. मेरी मूळच्या जर्मनीतल्या बव्हेरियाच्या, शिवणकामात तरबेज. गोरी बायको आणि काळा नवरा हे त्या काळात सोपं नव्हतं, पण हा संसार टिकला आणि धंद्यातही दोघं बरोबरीने उभे राहिले. 1909 मध्ये त्यांनी बायकांच्या तयार कपड्यांचं दुकान सुरू केलं. मॉर्गन यांनी स्वतः जुळवलेल्या मशीनवर कोट, सूट आणि झगे शिवले जायचे. तिथे 32 जण कामाला होते.

तापलेली सुई

मशीन वेगाने चालली की सुई कापडातून मिनिटाला शेकडो वेळा आरपार जाते. घर्षणाने ती तापते. सुती कापड थोडं सोसतं. लोकर मात्र सोसत नाही. धागे करपतात, शिवणीच्या कडेने कापड खराब होतं आणि शिवलेला कोट फेकून द्यायची वेळ येते. दुकानदाराला हे परवडणारं नव्हतं.

सुईवर काहीतरी लावून ती गुळगुळीत करता आली तर घर्षण कमी होईल, या विचाराने मॉर्गन वेगवेगळी द्रावणं करून बघत होते. 1909 च्या सुमाराची ही गोष्ट. एका दिवशी काम करता करता जेवायची हाक आली. हाताला द्रावण लागलेलं होतं. जवळ पडलेल्या एका केसाळ कापडाच्या तुकड्याला त्यांनी हात पुसले आणि ते निघून गेले. परत येऊन बघतात तर त्या कापडावरचे कुरळे, गुंतलेले तंतू सरळ होऊन उभे राहिलेले.

शोधांच्या अशा गोष्टी पुढे तोंडोतोंडी जास्त गोंडस होत जातात, हे खरं. पण यातला गाभा पटण्यासारखा आहे, आणि तो का, हे कापडाच्या शहरात सांगायला फारसे कष्ट पडू नयेत.

कापूस ही वनस्पती. त्याचा तंतू सेल्युलोजचा. लोकर, रेशीम आणि माणसाचे केस हे मात्र प्राण्यांपासून मिळणारे प्रथिनांचे तंतू. यातली लोकर आणि केस तर सख्खी भावंडं, दोन्ही केराटिनची बनलेली. हातातलं कापड सुती आहे की लोकरी, हे ओळखायची एक जुनी परीक्षा आहे: कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तुकडा उकळायचा. कापूस तग धरतो, लोकर विरघळून जाते. सुती कापड प्रोसेस करताना कॉस्टिक बिनधास्त वापरता येतं ते याच कारणाने. हेच कॉस्टिक, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, केस सरळ करणाऱ्या सगळ्यात तीव्र क्रीममध्ये असतं.

थोडक्यात, लोकरीवर ज्याचा परिणाम होतो त्याचा केसांवर होणारच. मॉर्गन यांना रसायनशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण केसाळ कापडावरून डोक्यावरच्या केसांवर उडी मारण्याइतकं डोकं त्यांना होतं.

आधी कुत्रा, मग स्वतः

द्रावणात कमाई आहे हे लक्षात आल्यावर दुसरा कुणी असता तर बाटल्या भरून विकायला बसला असता. त्या काळात अमेरिकेत असे कितीतरी जण बसलेही होते. मॉर्गन यांनी तसं केलं नाही. शेजाऱ्याकडे एअरडेल जातीचा कुत्रा होता. या कुत्र्याचे केस राठ आणि कुरळे असतात. त्याच्या अंगावर द्रावण लावून बघितलं. केस इतके सरळ झाले की मालकाला आपला कुत्रा ओळखू येईना, असं सांगतात. कुत्र्याला विचारलं नव्हतं, हे आजच्या वाचकाला खटकेल आणि ते योग्यच आहे.

कुत्र्याला काही अपाय झालेला दिसला नाही तेव्हा मॉर्गन यांनी ते स्वतःच्या डोक्यावर लावलं. तेसुद्धा एकदम सगळ्या डोक्याला नाही, थोड्या थोड्या भागाला लावत. आधी तंतू, मग प्राण्याचे केस, मग स्वतःच्या केसांची एक बट, मग पुढची. आज क्रीमच्या खोक्यावर बारीक अक्षरात जी बटेची चाचणी करायला सांगितलेली असते आणि जी बहुतेक ठिकाणी वेळ नाही म्हणून गाळली जाते, ती याहून वेगळी नाही.

1913 मध्ये त्यांनी जी. ए. मॉर्गन हेअर रिफायनिंग कंपनी सुरू केली. केस सरळ करायचं मलम, केसांचा रंग आणि वाकड्या दातांचा एक खास कंगवा, असा माल विकला जायला लागला. गिऱ्हाईक प्रामुख्याने कृष्णवर्णीय. पैसा चांगला आला. पुढे त्यांनी जे शोध लावले त्यांचा खर्च याच मलमातून निघाला.

सरळ केसांची किंमत

कृष्णवर्णीय माणसांना केस सरळ का करायचे होते, हा प्रश्न इथे टाळून पुढे जाता येणार नाही. गोऱ्या मालकाच्या ऑफिसात, दुकानात, घरात काम मिळवायचं तर नीटनेटकं दिसायला हवं होतं, आणि नीटनेटकं म्हणजे काय ते गोरे लोक ठरवत होते. दाट कुरळ्या केसांना त्या व्याख्येत जागा नव्हती. बायका लोखंडी कंगवा चुलीवर तापवून केसांतून ओढायच्या. मॅडम सी. जे. वॉकर आणि ॲनी मलोन या दोन उद्योजक स्त्रियांनी याच काळात केसांच्या निगेच्या मालावर मोठे धंदे उभे केले आणि हजारो बायकांना रोजगार दिला.

घरी केलेली रसायनंही होतीच. काँक नावाचा प्रकार पुरुषांत लोकप्रिय होता. कॉस्टिक, बटाटे आणि अंडी एकत्र घोटून ते डोक्याला लावायचं. माल्कम एक्स यांनी 1965 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आपल्या पहिल्या काँकचं वर्णन केलं आहे. डोक्याला, कानांना, मानेला व्हॅसलीनचा जाड थर लावलेला, लावणाऱ्याच्या हातात रबरी मोजे, आणि तरीही डोक्याला आग लागल्यासारख्या वेदना. पुढे त्यांना या सगळ्याची लाज वाटली. गोऱ्यांसारखं दिसण्यासाठी स्वतःच्या कातडीला जाळून घेणं ही स्वतःची मानहानी आहे, असं त्यांचं मत झालं.

मॉर्गन यांच्या बाजूने एवढं म्हणता येईल की ज्या समाजात लोक असलं जळजळीत मिश्रण डोक्यावर ओतत होते, तिथे त्यांनी आधी स्वतःवर वापरून पाहिलेला माल आणला. मागणी त्यांनी निर्माण केलेली नव्हती. पण तिच्यावर ते श्रीमंत झाले, हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर जमा आहेत.

भिवंडीत प्रश्न वर्णाचा नसेल, पण मुलगी बघायला येणार म्हणून कुरळे केस सरळ करून घ्या असं सांगणारी मावशी किंवा खाला इथेही घरोघरी असते.

क्रीम लावण्याआधीचे दोन आठवडे

केसाचा आकार त्याच्या आतल्या गंधकाच्या बंधांवर ठरतो. केराटिनच्या साखळ्या या बंधांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. कुरळा केस सरळ करायचा तर हे बंध तोडावे लागतात. हायड्रॉक्साइडवाली क्रीम ते कायमचे तोडते. आपल्याकडच्या रिबाँडिंगमध्ये बहुधा थायोग्लायकोलेट वर्गातलं रसायन असतं. ते बंध सोडवतं, मग केस इस्त्रीने सरळ करतात आणि न्यूट्रलायझर लावून नव्या जागी बंध पुन्हा जुळवतात. त्या न्यूट्रलायझरमध्ये बहुतेकदा हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. आता थोडं घाबरवणारं: पायावरचे केस काढायच्या क्रीममध्येही थायोग्लायकोलेटच असतं. एकच कुटुंब. फरक तीव्रतेचा आणि किती वेळ ठेवलं याचा. म्हणून घड्याळ हे या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार.

खरी तयारी पार्लरमध्ये शिरायच्या बरीच आधी सुरू होते. पहिली गोष्ट म्हणजे डोक्यात आधी काय काय झालंय ते आठवून सांगणं. इथे मेंदी हा मोठा घोटाळा आहे. ईद, हळद, लग्न, काहीही असलं की हाताबरोबर केसांनाही मेंदी लागते. शुद्ध मेंदी केसावर थर चढवते, त्यामुळे रसायन नीट आत जात नाही आणि केस कुठे सरळ, कुठे तसाच राहतो. बाजारातल्या काही काळ्या मेंदीत आणि स्वस्त रंगांत धातूंचे क्षार मिसळलेले असतात. त्यांची पेरॉक्साइडशी गाठ पडली तर केस गरम होऊन तुटू शकतात. मेंदी लावली होती हे सांगायला लाजायचं कारण नाही. सांगितलं नाही तर पार्लरवालीला ते कळायचा मार्ग नाही.

रंग लावला असेल तर निदान दोन आठवडे मध्ये जाऊ द्यायचे. ब्लीच केलेल्या केसांवर तर हे काम करूच नये, कारण त्यांचे बंध आधीच खिळखिळे झालेले असतात. आणि एका डोक्यावर दोन जातींची रसायनं कधीच नाहीत. आधी हायड्रॉक्साइडवाली क्रीम लावलेल्या केसांवर थायोग्लायकोलेट, किंवा उलट, झालं की केस मुळापासून तुटून हातात येतात. मागच्या वेळी दुसऱ्या पार्लरमध्ये काय लावलं होतं हे माहीत नसेल तर तिथे विचारून यायचं. खोक्याचा फोटो काढून ठेवणं सगळ्यात सोपं.

पॅच टेस्ट दोन दिवस आधी. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला खोक्यावर लिहिलंय तेवढीच क्रीम, तेवढाच वेळ, मग धुऊन टाकायची आणि 48 तास लक्ष ठेवायचं. लाल झालं, खाज सुटली, पुरळ आलं तर विषय तिथेच संपला. बटेची चाचणी वेगळी. मानेजवळची, दिसणार नाही अशी एक पातळ बट घ्यायची, बाकीचे केस बाजूला बांधून तिच्यावर सगळी क्रिया पूर्ण करायची आणि दुसऱ्या दिवशी ती ओढून बघायची. बट रबरासारखी ताणली किंवा कडकन तुटली, तर पूर्ण डोक्याचंही तेच होणार. मॉर्गन यांनी स्वतःच्या डोक्यावर जे केलं ते नेमकं हेच.

आता डोकं धुवायचं की नाही? यावर घरोघरी वाद होतात, कारण उत्तर रसायनाप्रमाणे बदलतं. हायड्रॉक्साइडवाली क्रीम असेल तर आधीचे दोन-तीन दिवस डोकं धुवायचं नाही. त्वचेवर साचणारा नैसर्गिक तेलकटपणा रसायन आणि कातडी यांच्यामध्ये पातळ पडदा धरतो. रिबाँडिंग असेल तर पार्लरमध्येच आधी शाम्पू करतात, कारण खोबरेल तेलाचा थर राहिला तर रसायन केसात शिरत नाही. म्हणून आदल्या रात्री चपचपीत तेल नको. शाम्पू कोणीही करो, बोटांच्या पेरांनी करायचा, नखांनी नाही.

नखं हाच खरा शत्रू. कोंडा झाला म्हणून कराकरा खाजवलेलं, उवांची बारीक फणी जोरात ओढलेली, घट्ट वेणी घातल्याने कपाळाच्या कडेला आलेले फोड, यातलं काहीही असेल तर क्रीम लावायची तारीख पुढे ढकलायची. त्वचेवरचा साधा ओरखडा डोळ्यांना दिसत नाही, पण रसायन त्याला बरोबर शोधून काढतं. आदले तीन-चार दिवस डोक्याला कंगवासुद्धा हळू लावावा. सोरायसिस, गजकर्ण, गळू असलं काही असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे. गरोदर बाईनेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

प्रत्यक्ष दिवशी केसांच्या कडेला, कानांवर आणि मानेला व्हॅसलीन. तीव्र क्रीम असेल तर भांगाभांगातून त्वचेलाही. काँक करणाऱ्यांना हे माहीत होतं आणि आजही याला पर्याय निघालेला नाही. क्रीम मुळापासून थोडं अंतर सोडून लावायची, त्वचेवर घासायची नाही. आधी सरळ केलेले केस असतील तर फक्त नव्याने वाढलेल्या भागाला, आणि दोन वेळांमध्ये निदान दोन-तीन महिने. खिडकी उघडी असावी. केराटिन ट्रीटमेंटच्या नावाखाली जे काही लावलं जातं त्यातल्या काहींमधून इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. डोळ्यांत पाणी आलं तर ते हसण्यावारी न्यायचं नाही.

थोडी जळजळ होतेच, सोसायची असते, हे वाक्य कुणी बोललं तर ते ऐकायचं नाही. जळजळ सुरू झाली म्हणजे लगेच उठून कोमट पाण्याने भरपूर धुवायचं. मिनिटाने फरक पडतो.

2022 मध्ये अमेरिकेत 33 हजारांवर स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करायची रसायनं वापरणाऱ्या स्त्रियांना सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण 4.05 टक्के, आणि न वापरणाऱ्यांत 1.64 टक्के असा अंदाज त्यात निघाला. रसायनामुळेच कर्करोग होतो असं यातून सिद्ध होत नाही. पण दर दोन महिन्यांनी पार्लरची वारी करणाऱ्याने हा आकडा माहीत करून घ्यावा.

धुरात शिरणारा माणूस

मलमाच्या पैशावर मॉर्गन यांनी सुरक्षेची उपकरणं बनवायला घेतली. आगीत माणसं ज्वाळांपेक्षा धुराने जास्त मरतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. 1912 मध्ये त्यांनी धुरापासून वाचवणाऱ्या टोपीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1914 मध्ये ते मिळालं. कल्पना साधी होती. धूर वर जातो, जमिनीजवळची हवा त्यातल्या त्यात स्वच्छ असते. म्हणून डोक्यावरच्या टोपीला एक लांब नळी, ती जमिनीपर्यंत लोंबणारी, आणि तिच्या तोंडाशी हवा थंड करायला, गाळायला ओला स्पंज.

माल चांगला होता, पण विकणारा काळा होता. दक्षिणेकडच्या शहरांत तो विकायला मॉर्गन यांनी एका गोऱ्या नटाला संशोधक म्हणून उभं केलं. तंबूत दाट धूर कोंडायचा, आणि स्वतः मॉर्गन मूळनिवासी इंडियन माणसाचं सोंग घेऊन, टोपी घालून आत जायचे. वीसेक मिनिटांनी ते धडधाकट बाहेर यायचे. आपल्याच शोधाच्या प्रयोगात ते दुसऱ्याच कुणाची तरी भूमिका करत होते. टोपीला न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात सुवर्णपदकही मिळालं.

24 जुलै 1916 च्या रात्री क्लीव्हलँडला पाणी आणण्यासाठी ईरी सरोवराच्या तळाखाली खोदल्या जाणाऱ्या बोगद्यात वायूचा स्फोट झाला. कामगार आत अडकले. सोडवायला गेलेलेही विषारी हवेत कोसळले. कुणाला तरी मॉर्गन यांची टोपी आठवली. त्यांना झोपेतून उठवण्यात आलं. भाऊ फ्रँकला सोबत घेऊन, जमतील तेवढ्या टोप्या घेऊन ते पोहोचले. आत जायला फारसं कुणी तयार होईना, तेव्हा हे दोघं भाऊ स्वतः उतरले. त्यांच्या तुकडीने दोन माणसं जिवंत बाहेर काढली आणि अनेकांचे मृतदेह वर आणले.

दुसऱ्या दिवसापासून श्रेयाची वाटणी सुरू झाली आणि त्यात मॉर्गन यांचं नाव मागे पडत गेलं. शौर्यासाठी बक्षीस देणाऱ्या कार्नेगी निधीने इतरांचा सन्मान केला, त्यांचा नाही. शहरातल्या काही नागरिकांनी मिळून 1917 मध्ये त्यांना हिरेजडित सुवर्णपदक दिलं, ती वेगळी गोष्ट. दरम्यान, टोपीचा खरा संशोधक कोण हे वर्तमानपत्रांतून सगळ्यांना कळलं होतं, आणि दक्षिणेतल्या काही अग्निशमन दलांनी आपल्या ऑर्डर रद्द केल्या. काळ्या माणसाने बनवलेल्या टोपीपेक्षा त्यांना धूर चालणार होता.

मॉर्गन यांनी मनात कडवटपणा ठेवला, पण काम थांबवलं नाही. 1920 मध्ये त्यांनी क्लीव्हलँड कॉल हे कृष्णवर्णीयांसाठीचं वर्तमानपत्र सुरू केलं. रस्त्यावर मोटारी आणि घोडागाड्या एकत्र धावत होत्या. तेव्हाचे सिग्नल एकदम थांबा किंवा एकदम जा एवढंच सांगायचे. मॉर्गन यांनी मधली तिसरी स्थिती घातली: सगळ्या बाजूंची वाहनं थोडा वेळ थांबतील, चौक मोकळा होईल, मग पुढचे निघतील. 20 नोव्हेंबर 1923 ला त्याचं पेटंट मिळालं. पुढे त्याचे हक्क 40 हजार डॉलरना जनरल इलेक्ट्रिकला विकले गेले, असं सांगितलं जातं. चौकातल्या सिग्नलचे ते एकमेव जनक नव्हेत, त्यात अनेकांचा हात आहे. पण घाई करणाऱ्याला मध्ये थोडा वेळ थांबवायचं, हे त्यांनाच सुचावं यात नवल नाही.

1931 मध्ये ते नगर परिषदेच्या निवडणुकीला उभे राहिले आणि हरले. 1943 मध्ये काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. तरी त्यांचे प्रयोग चालू राहिले. 27 जुलै 1963 रोजी, वयाच्या 86 व्या वर्षी, क्लीव्हलँडमध्ये त्यांचं निधन झालं. ईरी सरोवराचं पाणी शुद्ध करून शहराला पुरवणाऱ्या क्लीव्हलँडच्या एका जलशुद्धीकरण केंद्राला आज गॅरेट मॉर्गन यांचं नाव आहे.